सच्छिद्रता सारखी, पारगम्यता साठपट वेगळी: वालुकाश्मात क्ले किती हे कळलं, आता ती कुठे बसली आहे ते बघा

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एकाच तेलविहिरीच्या कोअरमधले, म्हणजे विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या लांब दंडगोलातले, दोन प्लग (छोटे नमुने) मिळाले आहेत. 'अ' ची सच्छिद्रता (खडकातली रिकामी जागा) २१.३ टक्के आणि पारगम्यता (खडकातून द्रव किती सहज वाहतो त्याचं माप) ४१० मिलिडार्सी. 'ब' ची सच्छिद्रता २०.८ टक्के, पण पारगम्यता फक्त ७ मिलिडार्सी. दोघांच्या वर्णनात एकच ओळ आहे: 'बारीक ते मध्यम कणांचा, स्वच्छ वालुकाश्म'. एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखण्याच्या चाचणीचे, आकडेही जवळपास जुळे आहेत. अ मध्ये क्वार्ट्झ ८४, पोटॅश फेल्डस्पार ६, क्ले (चिकणमातीची खनिजं) ९ टक्के. ब मध्ये क्वार्ट्झ ८२, पोटॅश फेल्डस्पार ८, क्ले ९ टक्के. मोजणी चुकली आहे का? चुकली नसेल तर फरक कशामुळे, आणि तो दाखवायला कोणत्या चाचण्या कराव्यात? शिवाय उरणला नोकरी करणारे मामा म्हणतात की विहिरीत ॲसिड सोडलं की सगळं मोकळं होतं, तर 'ब' च्या बाबतीत ते खरं आहे का?

मोजणी चुकलेली नसण्याचीच शक्यता जास्त आहे. असे जुळे आकडे आणि अशी टोकाची पारगम्यता वालुकाश्मात नेहमी दिसते. तरी परत मोजायला पाठवण्याआधी प्लगला बारीक तडा गेला आहे का ते बघून घ्या. ७ मिलिडार्सीच्या दगडाला केसाएवढी एक फट असली तरी आकडा कित्येक पटींनी फुगतो. तुमच्या बाबतीत शंका घ्यायचीच तर 'अ' वर घ्या. त्यावर टोल्यूइनचे चार थेंब टाका आणि वाळताना बघा. फट असेल तर बाकी पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही ओली रेघ काही सेकंद मागे राहते.

आता पहिला संशयित, कणांचा आकार. वाळूच्या कणांचा आकार बदलल्याने सच्छिद्रता बदलत नाही. एकसारख्या गोट्या चौकोनी रचल्या तर ४७.६ टक्के जागा रिकामी राहते आणि घट्टात घट्ट रचल्या तर २६ टक्के, मग गोट्या मोहरीएवढ्या असोत की नारळाएवढ्या. पारगम्यता मात्र कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते: व्यास निम्मा झाला की पारगम्यता पाव. म्हणून विद्यार्थी लगेच म्हणतात, 'ब चे कण बारीक असणार'. हे हिशेबाने तपासता येतं. ४१० भागिले ७ म्हणजे साधारण ५९, त्याचं वर्गमूळ ७.७. फरक निव्वळ कणांच्या आकारामुळे असता तर अ चा कण ०.३० मिमी धरल्यावर ब चा कण ०.०४ मिमीचा निघायला हवा. वाळूची खालची मर्यादा ०.०६२५ मिमी आहे, म्हणजे ०.०४ मिमी ही वाळूच नव्हे, तो गाळ झाला. तो हाताला पिठासारखा लागला असता आणि कोणी त्याला 'बारीक ते मध्यम' म्हटलं नसतं. कणांचा आकार इथून बाद.

दुसरा संशयित, कणांची निवड, म्हणजे सॉर्टिंग. मोठ्या कणांच्या मधल्या जागांत बारीक कण जाऊन बसले की सच्छिद्रता आणि पारगम्यता दोन्ही पडतात. फोकच्या मापात प्रमाण विचलन ०.३५ फायच्या (फाय हे कणांच्या आकाराचं एकक) खाली असेल तर उत्तम निवड आणि १ च्या वर गेलं की वाईट. ताज्या, न दबलेल्या वाळूत उत्तम निवडीला सच्छिद्रता ४२ टक्क्यांच्या आसपास मिळते, अगदी वाईट निवडीला २८ च्या आसपास. ब ची निवड खरंच वाईट असती तर तिची सच्छिद्रता अ च्या बरोबरीने राहिलीच नसती. दोन्ही प्लगची सच्छिद्रता २१ च्या जवळ आहे हाच या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा आहे. ब मध्ये रिकामी जागा तेवढीच आहे, फक्त ती वेगळ्या मापाच्या छिद्रांत विभागली गेली आहे.

हेलियम हा फार लहान अणू. पोरोसिमीटरमध्ये, म्हणजे सच्छिद्रता मोजणाऱ्या यंत्रात, तो दोन वाळूकणांमधल्या ५० मायक्रॉनच्या पोकळीत शिरतो तसाच क्लेच्या पापुद्र्यांमधल्या ०.१ मायक्रॉनच्या फटीतही शिरतो. यंत्र दोन्ही जागा मोजून एकच बेरीज देतं. तेल त्या फटींत शिरत नाही. तिथे कणांना चिकटलेलं पाणीच राहतं आणि ते हलत नाही.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. सच्छिद्रता २१ टक्के म्हणजे घन भाग ७९ टक्के. त्याच्या ९ टक्के क्ले म्हणजे खडकाच्या आकारमानात साधारण ७ टक्के घन क्ले. पण क्ले कधीच ठोकळ्यासारखी भरीव बसत नाही, तिच्या पुंजक्यात स्वतःची सूक्ष्म छिद्रं असतात. केओलिनाइटच्या पुंजक्यात ती साधारण ४० टक्के धरा, केसाळ इलाइटमध्ये ६० टक्के. अ ची क्ले केओलिनाइट असेल तर ७ टक्के घन माल साडेअकरा-बारा टक्के जागा अडवतो, त्यातली साडेचार-पाच टक्के सूक्ष्म छिद्रं, आणि उरलेली १६ टक्के सच्छिद्रता मोठ्या, वाहत्या छिद्रांत. ब ची क्ले इलाइट असेल तर तोच ७ टक्के माल साडेसतरा टक्के जागेवर पसरतो, साडेदहा टक्के सूक्ष्म छिद्रांत जातात आणि वाहत्या छिद्रांना जेमतेम १० टक्के उरतात. क्ले दोघांत तेवढीच, सच्छिद्रताही तेवढीच, आणि दगड पूर्ण वेगळे.

त्यातही मोठ्या छिद्रांपेक्षा त्यांना जोडणारे गळे महत्त्वाचे. ठाणे स्टेशनचा फलाट कितीही रुंद असला तरी गर्दी पुलाच्या जिन्यावरच अडते, तसं हे आहे. विनलँडचं समीकरण गळ्याचा अंदाज देतं: गळ्याच्या त्रिज्येचा लॉग म्हणजे ०.७३२, अधिक ०.५८८ गुणिले पारगम्यतेचा लॉग, उणे ०.८६४ गुणिले सच्छिद्रतेचा लॉग. पारगम्यता मिलिडार्सीत घाला, सच्छिद्रता टक्क्यांत, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. अ साठी ते १३ मायक्रॉन येतं, ब साठी १.२. खडकात दाबाने पारा घुसवण्याची चाचणी केलीत तर खरे गळे याच पातळीवर सापडायला हवेत. नाही सापडले तर सगळं परत तपासा.

क्ले खडकात कुठे बसते याचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची ओळख डोळ्यात बसली पाहिजे.

केओलिनाइट छिद्राच्या आत सुटी बसते. एसईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, २००० पटींवर ती पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखी दिसते, षटकोनी पानं एकावर एक रचलेली, कधी गठ्ठा वाकून गांडुळासारखा झालेला. बहुतेक वेळा ती फेल्डस्पार विरघळून तयार होते. म्हणून तिच्या शेजारीच, आजूबाजूच्या कणांपेक्षा मोठी, अर्धवट खाल्लेल्या फेल्डस्पारच्या आकाराची पोकळी दिसते. ती काही छिद्रं पूर्ण भरते आणि बाकीची मोकळी सोडते. पारगम्यतेला यात धोका कमी. खरा धोका पुढे येतो: हे गठ्ठे कणांना सैल चिकटलेले असतात, प्रवाह ठरावीक वेगाच्या वर गेला की सुटतात आणि गळ्यात जाऊन अडकतात.

क्लोराइट कणांच्या पृष्ठभागावर उभ्या पात्यांचा पातळ लेप करते. हा लेप काही मायक्रॉनचाच असतो आणि पुष्कळदा तो उपकारक ठरतो. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर क्वार्ट्झच्या कणांवर नवं क्वार्ट्झ वाढायला लागतं आणि तेच खोलवरच्या वालुकाश्मातली जागा खाऊन टाकतं. क्लोराइटचा अखंड लेप असला तर त्या वाढीला बसायला जागा मिळत नाही. म्हणून खोल साठ्यात (तेल साठलेल्या खडकात) क्लोराइट दिसली की लगेच नाक मुरडू नका.

इलाइट मात्र छिद्राच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत केसासारखे, रिबनसारखे पूल बांधते. केस ०.१ ते ०.३ मायक्रॉन जाडीचे, पण दहा-वीस मायक्रॉन लांब. कोळ्याने कोपरा विणावा तसं एकेक छिद्र विणलं जातं. वजनात हे काहीच नसतं, पण प्रवाहाला घासायला पृष्ठभाग प्रचंड मिळतो. ०.२ मिमीच्या गोल क्वार्ट्झ कणांचा पृष्ठभाग ग्रॅमला ०.०११ चौरस मीटर भरतो, इलाइटचा ग्रॅमला काही दहा चौरस मीटर. म्हणजे एक चमचा इलाइट कित्येक किलो वाळूएवढा अडथळा उभा करते. केओलिनाइट आणि पोटॅश फेल्डस्पार एकत्र असताना तापमान १२० ते १४० अंशांच्या पुढे गेलं की दोघं मिळून इलाइट तयार होते. ब मध्ये ८ टक्के पोटॅश फेल्डस्पार आहेच, म्हणजे कच्चा माल तिथेच हजर आहे.

चौथी, स्मेक्टाइट, उथळ साठ्यांत आणि बेसॉल्टपासून आलेल्या गाळात. तिच्याकडे पुढे येतो.

आता ब च्या ७ मिलिडार्सीबद्दल. तोसुद्धा जास्तच आकडा असू शकतो. प्लग धुऊन साध्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवला असेल तर पाणी उडताना त्याचा पृष्ठताण इलाइटचे केस ओढून भिंतींना चिकटवतो. ओला केस कपाळाला चिकटतो तसंच. छिद्र मोकळं होतं, वायूची पारगम्यता वाढते, आणि साठ्यात खरी पारगम्यता त्याच्या कितीतरी पट कमी निघते. उत्तर समुद्रातल्या वालुकाश्मांवर हे स्पष्टपणे दाखवलं गेलं आहे. उपाय म्हणजे क्रांतिक बिंदूवर वाळवणं: छिद्रातल्या द्रवाच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड आणायचा, ३१.१ अंश आणि ७३.८ बारच्या वर नेऊन तो वायूत जाऊ द्यायचा, म्हणजे द्रव-वायूची सीमाच तयार होत नाही आणि ओढ बसत नाही. एवढी सोय नसेल तर निदान आर्द्रता नियंत्रित ओव्हनमध्ये ६० अंश आणि ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेवर वाळवा, आणि साठ्यातल्या पाण्याएवढ्या खारट द्रावणाने एकदा पारगम्यता मोजा. वायूची आणि खाऱ्या पाण्याची पारगम्यता यांत मोठी तफावत निघाली तर ती तुमच्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची नोंद ठरेल.

चाचण्यांचा क्रम. प्लगच्या दोन्ही टोकांचे कापलेले तुकडे फेकून देऊ नका. थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ काप), एसईएम, एक्सआरडी आणि पारा या चारही चाचण्या त्याच तुकड्यांवर झाल्या तरच आकडे एकमेकांशी जोडता येतात. आधी दहापट भिंग, मग १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब. फसफसला तर कॅल्साइट. चूर्ण केल्यावरच मंद फसफसला तर डोलोमाइट किंवा सिडेराइट.

थिन सेक्शन हे या सगळ्याचं हृदय आहे आणि घाई इथेच नडते. तुकड्यात निर्वाताखाली निळा रंग मिसळलेला इपॉक्सी आधी भरा, तो पूर्ण कडक होऊ द्या, मग कापा. आधी कापलं तर पाण्याबरोबर क्ले वाहून जाते आणि ब सुद्धा अ सारखा स्वच्छ दिसतो. 'स्वच्छ वालुकाश्म' हे वर्णन बहुधा असंच आलं आहे. नळाच्या गोड्या पाण्याने कापू नका, तेलाने घासा. गोडं पाणी स्मेक्टाइट फुगवतं आणि केओलिनाइट सुटी करतं. जाडी ३० मायक्रॉनवर आणा. क्रॉस निकोलमध्ये, म्हणजे काटकोनातल्या दोन ध्रुवकांमधून बघताना, क्वार्ट्झ राखाडी ते पांढुरका दिसला पाहिजे, पिवळा दिसला तर अजून घासायला हवं. रिकामी जागा आहे पण निळा रंग नाही, तर ते छिद्र खडकातलं नाही, घासताना कण उपटून तुम्ही पाडलेलं आहे. त्याला सच्छिद्रतेत धरू नका.

जुळेपणाच्या रेषा नसलेला पोटॅश फेल्डस्पार हुबेहूब क्वार्ट्झसारखा दिसतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या वाफेवर धरून सोडियम कोबाल्टिनायट्राइट लावलं की तो पिवळा होतो. हायड्रोफ्लोरिक वाफ हाडापर्यंत जाते, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्ये आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवूनच करायचं, एकट्याने नाही. कॅल्साइटला ॲलिझरिन रेड एस गुलाबी करतं.

मग थिन सेक्शनवर ३०० बिंदू घेऊन प्रत्येकाखाली काय आहे ते मोजा. ३०० बिंदूंवर २० टक्क्यांची चूक साधारण अधिक-उणे साडेचार टक्के असते. म्हणून '२०.३ टक्के' असं दशांश लिहिणं हा भ्रम आहे. मोजताना कणांमधलं एकूण आकारमान, म्हणजे छिद्र, सिमेंट आणि क्ले यांची बेरीज, वेगळी काढा. क्वार्ट्झयुक्त वाळू केवळ दाबाने साधारण २६ टक्क्यांपर्यंत आवळली जाते. बेरीज त्याच्या आसपास असेल तर मूळ जागा दाबाने गेली, बरीच जास्त असेल तर सिमेंट लवकर आलं आणि त्याने कणांना आधार दिला. कणांचे स्पर्श बघा: टेकलेले, लांब, एकमेकांत खुपसलेले, की शिवणीसारखे दातेरी. आणि शेवटी हेलियमच्या सच्छिद्रतेतून निळ्या रंगाची सच्छिद्रता वजा करा. अ मध्ये फरक पाचच्या आसपास आणि ब मध्ये दहाच्या वर आला तर वरचा हिशेब सिद्ध झाला, एकही महागडं यंत्र न वापरता.

एक्सआरडी दोनदा करावी लागते. आख्ख्या खडकाच्या चूर्णावर 'क्ले ९ टक्के' एवढंच कळतं. कोणती क्ले हे कळायला २ मायक्रॉनखालचा भाग पाण्यात बसवून वेगळा काढा, काचेवर पसरून वाळवा आणि तीन वेळा चालवा: हवेत वाळलेला, इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवलेला, आणि ५५० अंशांवर तापवलेला. इलाइटची रेषा १० अँगस्ट्रॉमला (हे खनिजाच्या थरांमधल्या अंतराचं माप), तिन्ही वेळा जागच्या जागी. केओलिनाइट ७.१५ ला, तापवल्यावर नाहीशी. क्लोराइट १४.२ ला, तापवूनही टिकते. स्मेक्टाइट ग्लायकॉलने १७ पर्यंत फुगते, तापवल्यावर १० वर कोसळते. क्लोराइटची दुसरी रेषा ७.१ ला केओलिनाइटवर बसते. त्या गोंधळात ३.५८ आणि ३.५४ च्या जोडीकडे बघा, पहिली केओलिनाइटची, दुसरी क्लोराइटची.

नवी मुंबईत हे काम जून ते सप्टेंबर करताना हवेत वाळलेल्या स्लाइडवर विश्वास ठेवू नका. खाडीकाठच्या दमट हवेत स्मेक्टाइट पाण्याचा दुसरा थर घेते आणि १२.५ ची रेषा १५ कडे सरकते. मग कोणी तिला क्लोराइट समजतं. एसी बंद पडलेल्या रात्रीनंतर सकाळी मोजलेली स्लाइड आणि दुपारची स्लाइड एकमेकींशी जुळत नाहीत. डेसिकेटरमध्ये ठेवा, सिलिका जेल निळंच आहे ना ते रोज बघा, आणि निर्णय ग्लायकॉलच्या आलेखावरच घ्या.

नमुना कोअरच्या मधूनच घ्या. बाहेरच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्ये ड्रिलिंग मड शिरलेलं असतं, त्यातलं बेंटोनाइट म्हणजेच स्मेक्टाइट आणि त्यातलं बराइट हे तुमच्या खडकाचं नाही. एसईएममध्ये दिसणारे छोटे घन म्हणजे बहुधा कोअर वाळताना पडलेलं मीठ. मिथेनॉलने नीट धुतलं की ते जातं.

ठाण्यात राहून हे शिकणाऱ्यांची एक अडचण खरी आहे: आजूबाजूला वालुकाश्मच नाही. पारसिकचा डोंगर बेसॉल्टचा, येऊरही बेसॉल्टचा. पण यातूनच चांगला धडा मिळतो. ठाण्याच्या खाडीकाठची मूठभर वाळू धुऊन वाळवा आणि कागदाखाली लोहचुंबक फिरवा. काळे कण झुंडीने हलतात, ते मॅग्नेटाइट. बाकी बेसॉल्टचे तुकडे, प्लॅजिओक्लेज, शिंपल्यांचा चुरा. क्वार्ट्झ शोधावं लागतं. अशी वाळू दोन-तीन किलोमीटर खोल गाडली गेली तर बेसॉल्टचे मऊ, कुजलेले तुकडे दबून छिद्रांत पसरतात, आणि त्यांच्यातून स्मेक्टाइट, क्लोराइट आणि झिओलाइट तयार होतात. कण सुंदर गोल आणि निवड उत्तम असली तरी चांगला साठा व्हायची शक्यता कमी. गुजरातेतल्या खंबातच्या खोऱ्यात दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेली ओलपाड रचना अशाच बेसॉल्टी गाळाची आहे. त्याच खोऱ्यात वर अंकलेश्वर रचनेतले हझाद वालुकाश्म नदीच्या त्रिभुज प्रदेशातून आलेले, आणि १९६० मध्ये सापडलेलं अंकलेश्वर तेलक्षेत्र त्यांच्यावर उभं राहिलं. वाळू कुठल्या डोंगरातून आली यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं.

सरावासाठी फरशीच्या दुकानातून ढोलपूर दगडाचे दोन-चार तुटके तुकडे मागून आणा. तो विंध्यन वालुकाश्म आहे. ताज्या तुटलेल्या बाजूवर उन्हात बारीक चमचम दिसते, ती कणांवर वाढलेल्या नव्या क्वार्ट्झच्या सपाट पैलूंची. पाण्याचा थेंब ठेवा आणि घड्याळ लावा. मग वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्यांवर तेच करा. एकाच तुकड्यात थेंब शोषायला लागणारा वेळ बदलतो.

आता ॲसिड. मामांचा अनुभव खोटा नाही, पण तो बहुधा चुनखडीचा आहे. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीचा आहे, तिथे हायड्रोक्लोरिक ॲसिड खडकच विरघळवून वाट काढतं. क्वार्ट्झला ते काहीही करत नाही. वालुकाश्मात क्ले विरघळवायची तर हायड्रोफ्लोरिक मिसळलेलं मड ॲसिड लागतं, आणि इथे खनिजांची यादी नीट वाचली नाही तर विहीर बिघडते. कॅल्साइट शिल्लक असताना हायड्रोफ्लोरिक गेलं तर कॅल्शियम फ्लोराइड साकळतं, म्हणून पुढे साध्या हायड्रोक्लोरिकचा हप्ता पाठवतात. कार्बोनेट २० टक्क्यांच्या वर असेल तर हायड्रोफ्लोरिक वापरतच नाहीत. पोटॅश फेल्डस्पार आणि इलाइटमधलं पोटॅशियम मिळालं की पोटॅशियम फ्लुओसिलिकेटचा चिकट साका होतो. लोहयुक्त क्लोराइट हायड्रोक्लोरिकमध्ये फुटते, लोखंड सुटतं, आणि ॲसिड खर्ची पडून सामू २ च्या वर गेला की फेरिक हायड्रॉक्साइडचा लगदा गळ्यात बसतो. झिओलाइट असेल तर सिलिकाचं जेल होतं. नेहमीचं १२ टक्के हायड्रोक्लोरिक आणि ३ टक्के हायड्रोफ्लोरिक हे मिश्रण १०० मिलिडार्सीच्या वरच्या, भरपूर क्वार्ट्झ आणि थोड्या क्लेच्या खडकासाठी आहे. दहाच्या खालच्या पारगम्यतेला ६ आणि १.५, आणि क्लोराइट जास्त असेल तर ३ आणि ०.५, ही सुरुवातीची मात्रा मानतात, तीही कोअरवर चालवून बघितल्यावरच.

पण ब ला ॲसिड देऊ नये याचं मुख्य कारण याहून साधं आहे. ॲसिड विहिरीजवळची इजा काढतं, खडकाचा स्वभाव बदलत नाही. ब ला इजा झालेली नाही, तो मुळातच तसा आहे. हिशेब करा: विहिरीची त्रिज्या ०.१ मीटर, निचऱ्याची, म्हणजे तेल जिथून विहिरीकडे येतं त्या परिसराची, २५० मीटर, आणि समजा ॲसिडने अर्ध्या मीटरपर्यंत पारगम्यता चक्क दहापट केली. आधीचा रोध २५०० चा नैसर्गिक लॉग, म्हणजे ७.८२. नंतरचा रोध ५ च्या लॉगचा दहावा भाग अधिक ५०० चा लॉग, म्हणजे ६.३८. उत्पादन वाढलं फक्त २३ टक्के, तेही सगळं निर्विघ्न पार पडलं तर. एवढ्यासाठी साका पडण्याचा धोका घेऊ नये. ब सारख्या थराला लागतं ते खोलवर जाणारं हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, म्हणजे द्रवाच्या दाबाने खडकाला फटी पाडणं. अ बाबत काळजी वेगळी: तिथे केओलिनाइट निघाली तर विहीर एकदम जोरात चालू करू नका, आणि आत जाणाऱ्या कुठल्याही पाण्यात निदान २ ते ३ टक्के पोटॅशियम क्लोराइड असू द्या.

विहिरीच्या लॉगबद्दल, म्हणजे विहिरीत यंत्र सोडून खोलीनुसार घेतलेल्या नोंदींबद्दल, एकच सावधगिरी. घनतेच्या लॉगवरून सच्छिद्रता काढताना कणांची घनता २.६५ ग्रॅम प्रति घनसेंमी सवयीने घातली जाते. लॉगची घनता २.३० असेल तर उत्तर २१.२ टक्के येतं. सिडेराइट किंवा पायराइटमुळे खरी घनता २.७२ असेल तर खरं उत्तर २४.४ टक्के. प्लगची कणघनता प्रयोगशाळेच्या अहवालात असतेच, ती वापरा. आणि गॅमा रेचा (खडकाच्या किरणोत्साराचा) लॉग चढला म्हणजे शेल (चिकणमातीचा खडक), असं 'ब' सारख्या पोटॅश फेल्डस्पार असलेल्या वाळूत म्हणता येत नाही.

प्रकल्पात 'बारीक ते मध्यम कणांचा, स्वच्छ वालुकाश्म' ही ओळ दोन्ही प्लगसाठी खोडून टाका. चाचण्यांतून वरचं सगळं निघालं तर ब साठी असं लिहा: बारीक ते मध्यम कण, निवड मध्यम, कणांचे स्पर्श लांब, क्वार्ट्झ ८२, पोटॅश फेल्डस्पार ८ आणि काही कण अर्धवट विरघळलेले, क्ले ९ टक्के, मुख्यतः केसाळ इलाइट, छिद्रांवर पूल बांधणारी, हेलियम सच्छिद्रता २०.८, थिन सेक्शनमधली दृश्य सच्छिद्रता अमुक. पारगम्यता ७ मिलिडार्सी, वायूने, अमुक तापमानाला आणि अमुक आर्द्रतेला वाळवून.